यांनी कधी घेतली नव्हती

८ नोव्हेंबर २०२४

आज वाशीला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो, हे आणि मी. न्हावा शेव्याला ज्या कंटेनर यार्डात हे सुपरवायझर आहेत तिथं तपासणीचं शिबिर झालं. सोनोग्राफीत काहीतरी निघालं म्हणून तिथूनच पाठवलं. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मान वर न करता विचारलं, "किती वर्षं घेताय?"

"काय?" हे म्हणाले.

"ड्रिंक्स हो."

"मी घेत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन उघडली, लावली. "नाही घेत" एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालंच नाही. लिव्हरवर चरबी साठून साठून ते कडक झालंय, आकसलंय. सिरॉसिस म्हणतात. काहीच न घेता एवढं होतं का कुणाला?

घरी येताना हे एक शब्द बोलले नाहीत. तसे एरवीही बोलत नाहीत.

सोनल म्हणाली, "आई, डोक्यात घोळवत बसू नकोस, लिहून काढ." म्हणून ही डायरी. मुलगी शहाणी आहे. मिथुनला बाबांचा रिपोर्ट दाखवायला त्याच्या खोलीत गेले तर दुपारी तीन वाजता झोपलेला. महाप्याची नोकरी सुटल्यापासून त्याचं हे असंच आहे. ब्रेक घेतलाय म्हणतो. जबाबदारी आली की उठेल.

१२ नोव्हेंबर

श्यामसुंदर भावजी येऊन गेले. यांचे धाकटे भाऊ, शिरवण्यात त्यांच्या चार बिल्डिंगी उभ्या आहेत. सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "दादा, आमी घेतो ते सगल्यांसमोर घेतो. तू लपून कशाला घ्यायचा?"

हे उठून गॅलरीत गेले.

सासूबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "माज्या कमळाकरनं थेंब नाय घेतला कदी. त्याच्या बापानंबी नाय घेतला."

भावजी हसले. मीही विषय बदलला. माझे सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. पोटात पाणी होऊन गेले. दारूनं गेले हे सगळ्या गावाला माहीत आहे. एकट्या सासूबाई नाही म्हणतात. नवऱ्याची लाज झाकायची म्हणून म्हणत असतील असं मला नेहमी वाटायचं.

१९ नोव्हेंबर

लिहायलाही लाज वाटते. आज हे आंघोळीला गेल्यावर मी यांची बॅग उलटी केली. स्कूटरची डिकी उघडली. गच्चीवरच्या टाकीमागे बघून आले. गेले आठ-दहा दिवस हे घरात आले की मी जवळ जाऊन उभी राहते, वास घेते. घामाचा आणि डिझेलचा वास येतो फक्त.

डिकीत बाटली नव्हती. क्रीमरोलची पाकिटं होती, पुष्कळ. रिकामी.

गॅलरीतून मला दिसतं, हे कामावरून येतात, खाली स्कूटर स्टँडला लावतात आणि तशीच सीटवर बसून राहतात. मी कुकर लावते, शिट्ट्या होतात, भात निवतो, तरी हे खालीच. मला वाटायचं, मोबाइल बघतात. आज नीट बघितलं. हातात मोबाइल नव्हता.

१ डिसेंबर

यांच्या चुलतभावाच्या मुलीची हळद. मांडवात एकानं यांच्या पुढ्यात ग्लास ठेवला. दुसरा म्हणाला, "अरे, दादाला नको देऊ, दादाचा कोटा संपला." सगळे हसले. यांनी ग्लास हळूच बाजूला सरकवला, सगळ्यांबरोबर थोडं हसले. जेवले नाहीत. मी बायकांत बसून सगळं बघत होते. उठून यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेले नाही. लोक काय म्हणतील, ही नवऱ्याची बाजू घ्यायला आली.

मिथुन हळदीला आलाच नाही. पूर्वी मांडवात पहिला नाचायला हा असायचा.

११ डिसेंबर

आज सोनलनं शोधलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. लिव्हरच्याच आहेत. मॅडम वयानं लहान, पण घाई नाही. सगळे रिपोर्ट बघून म्हणाल्या, "हे दारूचं लिव्हर नाही. रक्ताचे रिपोर्टही तेच सांगतात. हे फॅटी लिव्हर आहे, बरीच वर्षं आत वाढत गेलेलं. न पिणाऱ्यांनाही होतं. खूप जणांना होतं."

यांनी मान वर केली. डोळे भरले होते. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

मग मॅडमनी भलतंच विचारायला सुरुवात केली. झोप लागते का? सकाळी उठावंसं वाटतं का? आधी ज्यात मजा यायची त्यात आता येते का? मला वाटलं, लिव्हरचं आणि याचं काय.

हे म्हणाले, "मॅडम, मला बरीच वर्षं काही वाटतच नाही. पोरगी शाळेत पहिली आली तेव्हा पेढे वाटले. तेव्हाही नाही वाटलं. वाटतंय असं दाखवलं."

एका खोलीत सत्तावीस वर्षं राहतोय आम्ही.

मॅडमनी समजावलं ते आठवेल तसं लिहिते. डिप्रेशन आणि फॅटी लिव्हर हे दोन आजार बऱ्याचदा एकाच माणसात, एकाच घरात सापडतात. हजारो लोकांची जनुकं तपासून बघितली तेव्हा दोन्हींच्या मुळाशी असलेल्या काही गोष्टी सारख्या निघाल्या. म्हणजे जे आईबापाकडून येतं, त्यातलाच काही भाग इकडेही ओढतो आणि तिकडेही. "पण नशिबात लिहिलंय असं समजू नका," त्या म्हणाल्या. "कल असतो फक्त. खाणं, झोप, हालचाल, औषधं, यांनी फरक पडतो. कुठला आजार आधी, कुठला मागून, हे अजून कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून दोन्हीकडे बघायचं." आणि विचारलं, "घरात आधी कुणाला?"

हे म्हणाले, "वडील. पण ते..." आणि थांबले.

मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. मुलांचीही तपासणी करून घ्या म्हणाल्या, दोन्ही आजारांची.

१४ डिसेंबर

भावजींना फोनवर सांगितलं. म्हणाले, "वहिनी, दारूचा नाव झाला तो झाला, आता डोक्याचा नको. सोनलला बघायला लोकं येतात." मलाही पटलं. आधी लिव्हर सांभाळू, मग ते दुसरं बघता येईल. तेल कमी, मीठ कमी, सुकट-बोंबील बंद. सासूबाईंनी डबा माळ्यावर टाकला. सकाळी चालणं. मी स्वतः बरोबर जाते.

मुलांचं नंतर बघू. तरण्याताठ्या पोरांना काय होतंय.

डॉक्टर मॅडम बोलल्या त्यावर हे आणि मी अजून बोललो नाही. माझं चुकलं, मी तुमच्यावर संशय घेतला, असं म्हणायचंय. नीट वेळ बघून म्हणेन.

५ जानेवारी २०२५

मोऱ्याला गेलो होतो, माझ्या माहेरी. जेवणं झाल्यावर हे म्हणाले, धक्क्यावर जाऊन येऊ. भाऊच्या धक्क्याची लाँच नुकतीच सुटली होती. आम्ही कठड्यावर बसलो. आणि हे आपणहून बोलायला लागले. मी श्वास रोखून ऐकत होते, हललं तर थांबतील म्हणून.

"लहान होतो तेव्हा आई माझ्याकडे बाबांचा डबा द्यायची. बाबा खाडीच्या बांधावर असायचे. मिठागर तेव्हा बंद पडायला आलं होतं. मी जायचो तर बाबा पाण्याकडे बघत बसलेले. डबा ठेवायचो, म्हणायचो, बाबा जेवा. ते हो म्हणायचे. संध्याकाळी न्यायला जायचो तर डबा तसाच. मुंग्या लागलेला."

"पिऊन असायचे?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. "नाही गं. तेच सांगतोय. मी रोज जवळ जायचो. कधीच वास आला नाही. पण पोरं म्हणायची बेवड्याचा पोर, तर मीही मानलं. तेवढं कारण सोपं होतं ना, बाबा असे का ते."

मग विचारलं, "मंदा, तुला काय वाटतं? मी घेत असेन?"

माझी बहीण चहाला हाका मारत आली होती मागून. मी म्हणाले, "काहीतरीच काय विचारता. चला, थंडी वाजेल."

आता लिहिताना कळतंय, तीच वेळ होती.

१८ फेब्रुवारी

सकाळी बेसिनमध्ये रक्ताची उलटी. पहिल्यांदा मला वाटलं बीट. आयसीयूत आहेत. अन्ननलिकेतली शीर फुटली. बांधली आहे.

२४ फेब्रुवारी

मॅडमनी स्पष्ट सांगितलं, लिव्हर बदलावं लागेल. घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, तो देणाऱ्याच्या अंगात परत वाढतो. मला मधुमेह, मी बाद. सोनलचा रक्तगट जुळत नाही. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. भावजींचं गेल्याच वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालंय. मृत दात्यांच्या यादीत नाव घातलं आहे, पण ती यादी लांब.

मिथुन म्हणाला, "मी देतो." एवढंच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज नीट ऐकला. मी म्हटलं नव्हतं का, जबाबदारी आली की उठेल.

३ मार्च

मिथुनचं लिव्हर चालणार नाही. त्यालाही फॅटी आहे. सव्वीसाव्या वर्षी. एवढी चरबी असलेलं लिव्हर घेता येत नाही, दोघांनाही धोका.

मॅडम म्हणाल्या, अजून सुरुवात आहे, वजन उतरवलं तर चरबी निघून जाते, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. मिथुन खुर्चीत खाली बघून बसला होता. मॅडमनी त्याला विचारलं, "तुझं कसं चाललंय? झोप वगैरे?" तो म्हणाला, "मी ओके आहे."

लिफ्टमध्ये माझा तोल सुटला. म्हटलं, "दिवसभर लोळायचं, पिझ्झे मागवायचे, त्याचं हे फळ. बापाला गरज पडली तेव्हा काय कामाचा तू?"

लिफ्टमध्ये इतर लोक होते.

१६ मार्च

मिथुन पहाटेपासून मैदानावर धावतो. काकडी, उकडलेली अंडी, बस. हाताला धरून बसवलं तरी भाकरी खात नाही. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, इतकं एकदम करू नका, अंगावर येईल. पण पोराच्या अंगात जिद्द आली आहे. गालफडं बसली. मित्र विचारायला आले, टुर्नामेंटला खेळणार का, तर दारातूनच परत पाठवले. मला बरं वाटलं. म्हटलं, आता कळलं याला आयुष्य म्हणजे काय.

सासूबाई मात्र म्हणतात, "त्या पोराला बग गो. आजा त्याचा असाच बसाचा." मी म्हणाले, "आई, तो बसतो कुठं, धावतोय."

२९ मार्च

यांना घरी आणलंय. पोट फुगलंय, हातपाय काड्या. टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसतात. गावातले बघायला येतात. जाताना जिन्यात बोलतात ते वर ऐकू येतं.

९ एप्रिल

आज पुन्हा ॲडमिट केलं. सकाळपासून गोंधळल्यासारखं बोलत होते. लिव्हर काम करत नाही, रक्तातली घाण डोक्यात चढते, म्हणून असं होतं.

दुपारी मिथुन यांच्या पलंगाजवळ बसला होता. खिडकीबाहेर बघत. मी खिमट भरवायला घेतलं तर यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, मिथुनच्या तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, "बाबा, जेवा ना. आई विचारते मला, का नाय जेवले."

मिथुन बघतच राहिला.

"जेवा ना बाबा. मी कुणाला नाय सांगनार."

मिथुननं तोंड उघडलं आणि तो घास खाल्ला. मग उठून बाहेर गेला. नर्स म्हणाली, घाबरू नका, पेशंट ओळखत नाहीत असं होतं कधीकधी. मीही सोनलला तेच सांगितलं, चुकून म्हणाले, भ्रमात.

पण मिथुन बाहेरच्या बाकड्यावर ज्या तऱ्हेनं बसला होता ते मला आवडलं नाही. हाक मारली तर ऐकू गेली नाही त्याला.

१२ एप्रिल

आज थोडे शुद्धीवर आहेत. मला ओळखलं. मी हात धरून बसले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. तोंड उघडलं तेवढ्यात राउंडचे डॉक्टर आले, बाहेर जा म्हणाले. परत आत गेले तर झोपले होते. उठवलं नाही. झोप कुठं लागते यांना.

१५ एप्रिल

हे गेले.

२७ एप्रिल

तेराव्यालाही तेच. पंगतीत कुणीतरी म्हणालं, बापाच्या वळणावर गेला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खावा तुमी. खावा आनि चला." आणि आत निघून गेल्या. मी वाढत राहिले.

२ मे

मिथुनची दुसरी तपासणी ठरलेली होती, दात्याची. मी विसरूनच गेले होते. कशाला लक्षात ठेवायची आता. तो एकटा जाऊन करून आला.

आज रिपोर्ट आला. माझ्या हातात दिला. म्हणाला, "चरबी गेली आई. आता देता आलं असतं."

आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

१९ मे

मला लिहवत नाही. चव नाही कशाला. सोनल कामावर जाते, सासूबाई जप करतात. मिथुन बाहेर येत नाही. मी दारात ताट ठेवते, पुन्हा उचलते. मला वाटतं, दुःख आहे, ओसरेल. बाप गेलाय. माझं ओसरेल तेव्हा त्याचंही ओसरेल.

३ जून

आज सोनल माझ्यावर ओरडली. जन्मात पहिल्यांदा. मिथुनच्या खोलीतलं ताट तिनं उचललं आणि ओट्यावर आदळलं.

"आई, डॉक्टर मॅडम डिसेंबरमध्ये काय म्हणाल्या होत्या? दोन्हीकडे बघा म्हणाल्या. दोन्हीकडे! आपण काय बघितलं?"

"तुझं लग्न..."

"माझ्या लग्नाचं नाव घेऊ नकोस. तो काल मला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, माझ्या लिव्हरमुळे बाबा गेले, मी असलो काय आणि नसलो काय. आई, हे तो हसून म्हणाला."

मी ओट्याला धरून उभी राहिले. लिफ्टमधलं माझं बोलणं मला सगळं ऐकू आलं.

६ जून

मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी लिहून दिलेले तेच. मिथुन यायला तयार नव्हता. मी म्हटलं, "माझ्यासाठी चल, मला झोप येत नाही." खोटं नव्हतं ते.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण?" मिथुननं मान खाली घातली. बाजूला आमच्या शिरवण्यातली एक बाई बसली होती, ओळखीची. मी म्हणाले, "मी. मंदाकिनी कमळाकर पाटील. आणि हा माझा मुलगा. आमचे दोन केसपेपर काढा."

डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, मग मला, मग दोघांना. मरायचे विचार येतात का, हे त्यांनी सरळ विचारलं. मला वाटलं, असं कुणी विचारतं का पोराला. मिथुन म्हणाला, "येतात." इतकं साधं म्हणाला, जसं काही कुणी विचारायचीच वाट बघत होता. मी त्याचा हात धरला, त्यानं सोडवून घेतला नाही. औषधं सुरू केली आहेत, लिव्हरचे रिपोर्ट बघून. दर आठवड्याला बोलायला जायचं. काही दिवस त्याला एकटं सोडायचं नाही.

"घरात आधी कुणाला होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणाले, "याच्या बाबांना. त्यांच्या बाबांनाही. आम्ही म्हणायचो, दारू पितात."

घरी आल्यावर सासूबाईंच्या पायाशी बसले. त्या पलंगावर आडव्या होत्या. मी सांगितलं, "आई, तुम्ही खरं सांगत होता. सासऱ्यांनी कधी घेतली नव्हती. यांनीही कधी घेतली नव्हती. मला डिसेंबरपासून माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मना काय सांगतंस गो? मना ठाव व्हता. त्याला सांगाचा व्हता."

मी तिथंच बसून रडले. दाराशी मिथुन उभा होता, त्यानं ऐकलं. मग येऊन माझ्याशेजारी खाली बसला. मी त्याला म्हणाले, "बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत. ऐकलंस? तुझ्यामुळे नाही. मी लिफ्टमध्ये बोलले ते खोटं होतं."

तो म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं.